वाघजाईचं मत

रत्नागिरीच्या सद्धर्म संवर्धक मंडळाने आमदारांना गुण द्यायला सुरुवात केली ती अठ्ठ्याण्णव साली. कल्पना अध्यक्ष हरिहरपंत जोगळेकरांची. पंतांची हापूसची बाग होती, दोन विषयांत एम. ए. होतं, आणि जगात कोणालाही गुण दिल्याशिवाय सोडू नये असं त्यांचं मत होतं. विधानसभेत कोण धर्माच्या बाजूने बोलला, कोण विरुद्ध, याचा तक्ता दर वर्षी छापून निघे. चांगले गुण मिळालेले आमदार तो चौकटीत घालून दिवाणखान्यात लावत.

कोंडशेतचे काशीराम भुवड नव्याण्णव साली निवडून आले आणि पहिल्याच तक्त्यात त्यांना शंभरपैकी नऊ गुण पडले. ते नऊही हजेरीचे.

विधानसभेत मतं बहुतेक आवाजी असतात. 'होय' म्हणणारे ओरडतात, 'नाही' म्हणणारे ओरडतात, आणि कोणाचा आवाज मोठा ते अध्यक्ष ठरवतात. त्या कोलाहलात कोण काय म्हणाला हे प्रेक्षक-सज्जात बसलेल्या पंतांच्या मेहुण्याला कळत नसे. काशीरामचं तेवढं कळे. कारण ते गावात देवापुढच्या गाऱ्हाण्यात म्हणतात तसं 'होय महाराजा' म्हणत. मंदिर जीर्णोद्धाराच्या निधीला मात्र ते खणखणीत 'नाही' म्हणाले, आणि पाठशाळेच्या अनुदानाला गप्प बसले.

पंतांनी त्यांना एकदा एसटी स्टँडसमोर गाठून जाब विचारला.

"जीर्णोद्धाराला नाही कसं म्हणालात?"

"देवीनं डावा दिलान, पंतानू."

"आणि पाठशाळेला?"

"कळा पडलाच नाय. मग मी काय बोलणार?"

म्हणजे भानगड अशी होती. कोंडशेतच्या वाघजाईला कौल लावायची रीत जुनी. गुरव मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतो, त्यांना कळे म्हणतात. मग गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारायचा. उजवा कळा पडला तर होकार, डावा पडला तर नकार. लग्न, विहीर, भाऊबंदकी, सगळं असंच ठरे. काशीराम एवढंच करत, की मुंबईला जायच्या आधी आमदारकीचे प्रश्नही तिच्यापुढे ठेवत.

पंतांना हे पटणं शक्य नव्हतं. शास्त्रात कुठे आहे, असं त्यांनी मंडळाच्या बैठकीत विचारलं. कळे लावणारा शिवा गुरव आणि काशीराम लहानपणी एका बाकावर बसलेले, हेही त्यांनी काढून ठेवलं होतं. "देवीच्या पदराआड लपून राजकारण करतोय झालं," हा त्यांचा निकाल.

पण दोन हजार तीन साली पंतांनाच काशीरामची गरज पडली. देवळांच्या आसपास दारूचं दुकान नको, असं एक विधेयक पंतांनी स्वतः लिहिलं होतं. त्यासाठी दहा वर्षं खेटे घातल्यावर घाटावरचे एक आमदार ते नागपूरच्या अधिवेशनात मांडायला तयार झाले. अट एकच. "तुमच्या जिल्ह्यातला एक तरी माणूस पाठीशी उभा करा, नाहीतर मी एकटा हसं करून घेणार नाही." जिल्ह्यातल्या इतरांनी, म्हणजे चौकटवाल्यांनी, पंतांना चहा पाजला आणि मनापासून शुभेच्छा दिल्या. राहिले काशीराम. आणि वाघजाईच्या देवळाच्या वळणावर जे देशी दारूचं दुकान होतं, ते काशीरामच्या सख्ख्या भावाचं, रावजीचं होतं.

आंब्याला मोहोर धरलेला, फवारणी अर्धी राहिलेली, तरी पंत कोंडशेतला गेले.

"इचारूया देवीला," काशीराम म्हणाले. "तुमीही बसा."

पंत बसले. उत्तर काय येणार याबद्दल त्यांना शंका नव्हती. देवीच्या राखणदार देवाला वर्षातून एकदा दारूचाच नैवेद्य दाखवतात, ती रावजीच्या दुकानातून येते, प्रश्न विचारणारा रावजीचा भाऊ आणि कळे लावणारा भावाचा दोस्त. रत्नागिरीत त्यांनी काशीरामच्या नावापुढे शून्य छापायला देऊनही ठेवलं होतं.

शिवा गुरवाने कळे लावले आणि गाऱ्हाणं घातलं. "बा माते वाघजाई, तुझा लेकरू नागपुराक चालला हाय. दारूचा दुकान देवळापासून लांब करायचा, असा कायदा येतो हाय. त्येला होय म्हणायचा असंल तर उजवा दे, नाय म्हणायचा असंल तर डावा दे."

"होय महाराजा," गाव म्हणालं.

पाकळ्या मूर्तीला चिकटून राहिल्या. काशीराम हात जोडून उभे होते आणि त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. डिसेंबर होता. रावजी खांबाला टेकून पंतांकडे बघत होता.

"पंतानू, मांडी मोडा जरा," तो म्हणाला. "आमच्या देवीला घाई नसता."

पंतांनी मांडी मोडली, पुन्हा घातली. थोड्या वेळाने त्यांच्या लक्षात आलं, की आपण श्वास रोखून एका पाकळीकडे बघतोय. एम. ए.च्या दोन्ही निकालांना त्यांचं असं झालं नव्हतं.

उजवा कळा सुटला. मूर्तीच्या हातावर अडकला. पुन्हा सुटला आणि पायाशी पडला.

पंतांनी आधी शिवा गुरवाकडे पाहिलं. गुरवाचा चेहरा पांढरा पडला होता. दुकान बंद झालं तर राखणदाराची सोय कोण करणार, हा प्रश्न त्याच्याही दारात येऊन पडला होता.

काशीरामनी वाकून कळा कपाळाला लावला आणि वळून म्हणाले, "रावजी, दुकानाला कुलूप घाल."

"का म्हणून? देवीनं तुला होय म्हणायला सांगितलान. मला दुकान बंद करायला नाय सांगितलान. कायदा होऊ दे, मग बघू."

कायद्याच्या दृष्टीने हे बिनतोड होतं. पंतांनी मनातल्या मनात रावजीला गुणही दिले.

"दुसऱ्यांची दुकानं बंद करा म्हणून मी नागपूरला सांगायचं," काशीराम म्हणाले, "आणि माझ्या घरातला गल्ला चालू?"

"पुढच्या इलेक्शनला वाडी तुझ्यामागनं येणार नाय. मी येऊ देणार नाय."

"नको येऊ. कुलूप घाल."

रावजीने त्याच संध्याकाळी कुलूप घातलं आणि भावाशी बोलणं टाकलं.

पंत नागपूरला स्वतः गेले. विधेयक शुक्रवारी दुपारी उशिरा पुकारलं गेलं. सभागृहात तोवर पेंग आलेली होती. मिरकरवाडा बंदरावरच्या लिलावात निदान माशांकडे तरी लोक बघतात. चौकटवाल्यांपैकी एकही जागेवर नव्हता. मंत्र्यांनी शासन सकारात्मक असल्याचं सांगितलं आणि विधेयक मागे घेण्याची विनंती केली. घाटावरचे आमदार लगेच तयार झाले. त्यांना गाडी गाठायची होती. सभागृहाची परवानगी आहे ना, असं अध्यक्षांनी सवयीने विचारलं.

"नाही," काशीराम म्हणाले.

सगळे वळले. मंत्र्यांनी चष्मा काढला. एकाने जरी हरकत घेतली तरी मतं घ्यावी लागतात, हे अध्यक्षांना आठवायला थोडा वेळ लागला. शेवटी त्यांनी विधेयक मताला टाकलं. अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावं.

त्या मोठ्या, अर्ध्या रिकाम्या दालनात एकच आवाज उठला. "होय महाराजा."

कोणीतरी फिसकन हसलं. मग 'नाही'चा गजर झाला आणि पंतांची दहा वर्षं चहाच्या वेळेआधी निकालात निघाली.

सज्जात पंत उभे राहिले होते. तिथे उभं राहायला मनाई असते, शिपायाने दोनदा सांगितलं. पंतांना ऐकू आलं नाही. धर्मनिष्ठेचे निकष त्यांनी स्वतः ठरवले होते, पोटनिकषही पाडले होते. पण ज्याला काही सांगितलं गेलं आणि ज्याने ते केलं, असा माणूस त्यांनी आजवर पोथीतच वाचला होता. तो खाली बाकावर बसून कागद पिशवीत भरत होता.

बाहेर व्हरांड्यात काशीराम भेटले.

"पडलं, पंतानू."

"पडलं. आता रावजीला सांगून दुकान उघडायला हरकत नाही. कायदा झालाच नाही."

पंतांना हे का बोलावंसं वाटलं कोण जाणे. कदाचित काशीराम 'हो' म्हणाले असते तर त्यांना सुटल्यासारखं झालं असतं.

"देवीनं कायदा होईल का, असं कुठं सांगितलान," काशीराम म्हणाले. "मला होय म्हण म्हणाली. मी म्हटलं. कुलूप राहील." त्यांनी पिशवी खांद्याला लावली. "रावजीच्या पोरांचं बघाया लागंल आता. तो माझ्याशी बोलत नाय, तेवढी अडचण हाय."

पंतांनी मेहुण्याला फोन करून शून्याचे छापलेले तक्ते बंबात घालायला सांगितलं. मग ते काशीरामच्या मागून जिना उतरू लागले.

"माझ्या बागेत राखणीला माणूस हवाय," ते म्हणाले. "रावजी माझ्याशी बोलेल?"

"शिव्या देईल."

"देऊ दे. मी येतो तुमच्याबरोबर." आणि मग, आयुष्यात प्रथमच, आधी परवानगी घ्यावी असं वाटून, "देवीला विचारावं लागेल का?"

काशीरामनी क्षणभर विचार केला.

"एवढ्याशाला नको," ते म्हणाले. "या."