खटक्यावरचा हात

अंगठा सरळ होता. काकडीच्या फोडीसारखा गुळगुळीत, सरळ अंगठा, आणि तो लोखंडी खटक्यावर असा ठेवलेला, की खटका ओढायला जणू जोर लागतच नाही... द्रौपदीनं पान खिडकीपाशी नेलं, उजेडात तिरकं धरलं, पण अंगठा सरळच राहिला. चंदू, तिचा धाकटा भाऊ, असा अंगठा काढत नाही. चंदूचा अंगठा बाहेरच्या अंगाला वळतो, कारण बाबांचा वळतो, आणि चंदू हात काढायला शिकला तो बाबांचाच हात बघून — पाळीवरून आल्यावर ते भिंतीला टेकून झोपायचे तेव्हा, श्वास रोखून, पाटीवर.

मग हे कुणी काढलं? आणि चंदू कुठे आहे?

‘‘पोस्टमन काय देऊन गेला?’’ धोंडिबांनी आतून विचारलं.

‘‘कारखान्याचं काहीतरी आहे, बाबा.’’

शुक्रवार होता, तिच्या कारखान्याची सुट्टी. बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे हे खोटं दर महिन्याला खपून जायचं. ‘नवव्योम’ म्हणजे विज्ञानकथेच्या वेडानं एकत्र आलेल्या चारपाच माणसांनी उल्हासनगरातून चालवलेलं सोळा पानांचं मासिक, आणि त्याच्या शेवटच्या दोन पानांवर ‘टायटनवरचा पहारेकरी’ ही चित्रकथा. दीड वर्षापूर्वी अंबरनाथच्या वाचनालयात ते सहज तिच्या हाती आलं होतं, आणि चित्राखालचं ‘धर्मराज’ हे नाव वाचायच्या आधीच तिनं ते हात ओळखले होते. धर्मराज हे आजोबांचं नाव. घर सोडून गेलेल्या भावाचा पत्ता नाही, पत्र नाही — पण महिन्याला दोन पानं. तो जेवतो आहे, त्याच्यापाशी शाई आहे, एवढं त्यातून कळायचं. बाबांना तिनं हे सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, वाचून दाखव.

आणि ते तिला वाचून दाखवता आलं नसतं. कारण त्या गोष्टीत इरा होती.

टायटनवरच्या केंद्रात निरंजन एकटा पहारा देतो, आणि त्यानं जपून ठेवलेले नकाशे कुठे आहेत ते इरा शत्रूला सांगून टाकते. चार अंकांपूर्वी हे वाचलं तेव्हा द्रौपदीनं अंक मिटून गादीखाली सारला होता. मागच्या अंकात इरा केंद्राच्या बाहेर, बंद दाराशी उभी, टाकीत आठ मिनिटांची हवा, आणि आत निरंजनचा हात दाराच्या खटक्यावर... तिथेच पान संपलं होतं. आठ मिनिटं तिनं महिनाभर मोजली. पॅकिंगच्या पट्ट्यासमोर गोळ्यांच्या बाटल्या भरताना, बाबांच्या डोळ्यांत औषध घालताना. ओढेल? की नाही ओढणार?

बँकेच्या परीक्षेच्या दिवशी चंदू परीक्षेला न जाता जांभूळला जाऊन पाण्याच्या टाक्यांची चित्रं काढत बसला, हे बाबांना कळलं तेव्हा त्यांनी घर उलटंपालटं केलं होतं. आपल्या घराण्यात पहिल्यांदा कुणाला टेबलाशी बसून काम मिळणार होतं, असं म्हणत म्हणत ते चित्रांच्या वह्या शोधत होते आणि त्यांना सापडत नव्हत्या. आणि मी... मी भाकऱ्या थापत होते. मान वर करून बघितलंसुद्धा नाही. नुसतं म्हणाले, ‘पिठाच्या डब्यामागं.’ का म्हणाले? आरडाओरडा थांबावा म्हणून? की मला अकरावीतून काढून कारखान्यात घातलं आणि हा मात्र खुशाल चित्रं काढतो, म्हणून? आठ वह्या बाबांनी पाण्याच्या बंबात घातल्या. संध्याकाळी चंदू आला, बंबाखालची राख त्यानं काडीनं चिवडली, आणि दुसऱ्या दिवशी निघून गेला. कुणाला एका शब्दानं काही विचारलं नाही. विचारलं नाही, म्हणजे त्याला ठाऊक होतं.

आणि आता या अंकात कुणीतरी परक्यानं खटका ओढला होता. दार उघडलं, इरा आत आली, निरंजन हसला, समाप्त.

‘‘बाबा, रखमाबाईंकडे जाऊन येते,’’ ती म्हणाली आणि उल्हासनगरची रिक्षा पकडली.

मासिकाच्या मागच्या पानावरचा पत्ता चार नंबर कॅम्पातल्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानाचा होता. संपादक म्हणजे तिथलाच शिवराम. चाळिशीचा, कपाळावर चष्मा, समोर पोट फाडलेला ट्रान्झिस्टर. शेजारच्या सिंधी कापडवाल्याशी चाललेलं बोलणं तोडून त्यानं तिच्याकडे बघितलं.

‘‘ह्या वेळची चित्रं कुणी काढली?’’ तिनं उभ्याउभ्याच विचारलं.

‘‘अरे वा, तुम्हांला कळलं?’’ तो खूश झाला. ‘‘मी बोललो होतो पार्टनरला, पब्लिक पकडणार. तो दुकानांचे बोर्ड रंगवतो. त्यालाच बोललो, संपव एकदाचं.’’

‘‘आणि धर्मराज?’’

‘‘त्यानं सोडलं. दिवाळीनंतर लेटर आलं — नोकरी लागली, टाइम नाही, पुढचं तुम्हीच ठरवा.’’

नोकरी. म्हणजे आहे... ती स्टुलावर बसली. ‘‘पण पुढं काय करायचं, त्या बाईचं काय करायचं, हे त्यानं काहीच नाही लिहिलं?’’

‘‘इराचं? नाही हो ताई. खरं सांगू, ती माझीच आयडिया. वाचकांची पत्रं यायची, एकटा माणूस बघून बोअर होतं म्हणून. मीच त्याला लिहिलं, एक बाई टाक आणि तिला गद्दार कर. नकाशांचं पण मीच सुचवलं. त्यानं काढून दिलं, बस.’’

शिवराम हसत होता. बाहेर कुणीतरी ‘साईं, माल आ गया’ म्हणून ओरडलं. द्रौपदीला वाटलं, आपण इतके दिवस ज्या दाराशी उभ्या आहोत ते दारच नाही, कुणीतरी भिंतीवर काढून ठेवलेलं आहे. वह्यांची जागा आपण सांगितली हे चंदूला ठाऊकच नव्हतं. त्यानं विचारलं नाही, कारण विचारण्यासारखं काही आहे हेच त्याच्या मनात आलं नाही. वह्या बाबांना सापडल्या, बाबांनी जाळल्या — त्याचा राग सगळा बाबांवर. आणि बाबा रोज सकाळी बुद्धवंदना झाली की दाराकडे तोंड करून बसतात, दिसत काही नसताना...

‘‘मी त्याची थोरली बहीण,’’ ती म्हणाली. ‘‘पत्ता द्या त्याचा.’’

शिवरामनं चष्मा खाली ओढला.

‘‘पत्ता कुणाला देऊ नका असं लिहिलंय त्यानं, ताई. घरच्यांना तर नकोच. मी शब्द दिलाय.’’ मग त्यानं पावतीपुस्तकाचा एक कोरा कागद फाडून तिच्यापुढे सरकवला, वर पेन ठेवलं. ‘‘पण तुम्ही लिहा. माझ्या पाकिटात घालून आजच टाकतो. एवढं तर करू शकतो ना.’’

तिनं लिहिलं. ‘चंदू, बाबांना दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही. ते तुझं नाव काढतात. मी बरी आहे.’ अक्षर नीट येत होतं. हे इथेच संपवता येईल, तिच्या ध्यानात आलं. एवढं वाचून तो येईलही कदाचित, बाबांना क्षमा करील नाहीतर नाही करणार, आणि मी चहा ठेवीन, दोघांच्या मधे बसेन, कुणाला कधीच काही कळणार नाही. हे इतकं सोपं होतं की तिला दम लागला. इतके दिवस भीती होती ती त्याला ठाऊक असल्याची, आणि त्या भीतीत एक सोबत होती — कुठूनतरी कुणीतरी आपल्याला रागानं का होईना, बघतं आहे. आता कुणी बघत नव्हतं. सगळं तिच्या एकटीच्या हातात होतं, आणि शिक्षा करायलाही दुसरं कुणी नव्हतं.

‘‘झालं का, ताई?’’ शिवरामनं पाकिटाला गोंद लावत विचारलं. ‘‘टपालपेटी उघडायची वेळ झाली.’’

‘‘थांबा,’’ ती म्हणाली. त्या आवाजात विनवणी नव्हती. स्वतःचा असा आवाज तिनं यापूर्वी ऐकला नव्हता, आणि तो कुठून आला, पुढं काय बोलणार आहे, हे कळायच्या आत तिनं कागद पुन्हा आपल्याकडे ओढला आणि खाली लिहायला घेतलं, ‘वह्या कुठे आहेत ते बाबांना मी...’