दारावरची पिवळी खूण

रोमनने गाडीचं दार उघडलं आणि कमरेवर हात ठेवून माझ्या कौतुकाची वाट पाहत उभा राहिला. गाडी अशी लखलखत होती की तिच्या पत्र्यात मला माझ्या हनुवटीवरची लव दिसली. मी वाकून दाराची आतली कड पाहिली. तिथंही लखलखाट. दुसरं काही नाही.

"खूण कुठंय?" मी विचारलं.

"कसली खूण, मा?"

साठीला आलेला माणूस, स्वतःची नातवंडं आहेत, पण त्या क्षणी तोंड असं केलं जसं लहानपणी शेजारणीची खिडकी फोडल्यावर करायचा. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. बापाला आनंद व्हावा म्हणून त्याने गाडी गुपचूप शेजारच्या एल्कहार्ट गावातल्या एका पॉलिशवाल्याकडे नेली होती. त्या शहाण्याने कानाकोपऱ्यातला मळ काढला, आणि मळाबरोबर तीही.

ती म्हणजे पिवळ्या मेणखडूने काढलेलं एक वर्तुळ आणि त्याला खाली शेपूट. आमच्या गावच्या मोटारींच्या कारखान्यात गाड्या पट्ट्यावरून डावीकडून एकेक पुढे येत, आणि दारं बसवणाऱ्या प्रत्येकाची आपली एक खूण असे. दार नीट बसलं, लागताना आवाज बरोबर आला, की कडेला खूण करायची. उद्या दार कुरकुरलं तर कोणाची मान धरायची ते कळावं म्हणून. माझ्या नवऱ्याची, काझची, ती शेपूटवाली. गाड्या विकायला जाताना या खुणा पुसल्या जात. पण ही गाडी आम्ही स्वतःच घेतली, कारखाना बंद व्हायच्या थोडं आधी, आणि काझने ती खूण पुसू दिली नाही. गाडी धुताना तेवढी तळहाताएवढी जागा तो कोरडी ठेवी. कारखाना गेला, मग त्याने शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करण्यात उरलेलं आयुष्य घालवलं. बसगाडीवर कुठं कोण खूण करतं.

आणि त्या खुणेवरच तर आजचं सगळं अडलेलं.

दर जुलैमध्ये गावातल्या मोटारींच्या संग्रहालयाच्या हिरवळीवर जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरतं, आज तेच होतं. लोक गाड्यांची बॉनेटं उघडून मागे घडीच्या खुर्च्या टाकून बसतात, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला मुलांची लग्नं सांगावीत तशी गाडीची कुळकथा सांगतात. संग्रहालयाच्या बाईंनी, मिस हॉलोवेंनी, गेल्या वर्षी ती खूण पाहिली आणि त्या गाडीपाशीच बसून राहिल्या. कारखान्यातून निघाल्या तशाच राहिलेल्या गाड्यांचं एक दालन आहे, तिथं आमची गाडी ठेवू म्हणाल्या. वर पाटी: ही दारं काझिमिर पिस्कोर यांनी बसवली. अशा गाड्या ढिगाने आहेत, पण कामगाराची खूण आणि तो कामगार दोन्ही शाबूत असलेली ही एकच, असं त्यांचं म्हणणं.

शाबूत. हं. यंदाच्या वसंत ऋतूपासून काझ मला मधूनच विचारतो, बाई, तुमचे यजमान कुठल्या पाळीत आहेत. मला ती पाटी हवी होती. मिरवायला नव्हे. म्हणजे मिरवायलाही, खोटं का बोलू. पण ते नाव आपलंच आहे हे त्याला कळतंय तोवर त्याने ती एकदा वाचायला हवी होती. पुढच्या जुलैचा भरवसा मला नव्हता.

हॉलोवेबाई संध्याकाळी येणार होत्या. तोवरचा दिवस मी कसा काढला ते मलाच माहीत. खुर्चीत बसले की उठावंसं वाटे, उठले की पाय कुठं न्यावेत कळेना. दोन रांगा फिरून आले, कोणाची गाडी पाहिली आठवत नाही. सॉसेज आणि कोबी आणला, मी खाल्ला नाही. काझने आपला संपवून माझाही खाल्ला आणि कारखान्याचा भोंगा झाला का म्हणून विचारलं. व्हायचाय, म्हटलं, खा.

रोमन घाम पुसत जवळ आला. त्याने कुठूनसा पिवळा मेणखडू पैदा केला होता. हळूच म्हणाला, मीच रेखून टाकतो, वर्तुळ आणि शेपूट, कोणाला कळतंय.

"मला कळतंय," मी म्हणाले. "तू आयुष्यात एक दार बसवलंयस? आण इकडे तो."

हॉलोवेबाई आल्या तेव्हा निम्म्या गाड्या निघून गेल्या होत्या. मी काही लपवलं नाही. त्या दाराच्या कडेपाशी वाकल्या, बोट फिरवलं. मग म्हणाल्या, खुणेशिवाय त्या दालनात जागा देता येणार नाही, मागच्या कोठीत ठेवता येईल. कोठीत कोणी जात नाही, पाटी तर नसतेच. मी त्यांना विचारलं, ज्याची खूण त्यानेच पुन्हा केली तर. शेवटी कबूल झाल्या: माझ्यासमोर करू देत, त्यांनी आज पुन्हा केली असं मी खरं तेच पाटीवर लिहीन.

मी काझला हाताला धरून आणलं आणि मेणखडू त्याच्या बोटांत दिला.

त्याने मेणखडूकडे पाहिलं. दार लावलं, उघडलं, परत लावलं. मग खडू माझ्या हातात परत दिला.

"मी नाही करत," तो म्हणाला. "दार खाली झुकलंय."

"अरे, वय झालं त्याचं. तू कर खूण, बाई थांबल्यात."

"असलं दार मी पुढे नाही पाठवत. पाना आण."

मी कपाळाला हात लावला. एवढा दिवस मी काळजी केली ती याला खूण आठवेल का याची. हा तर सगळाच कामावर हजर. हॉलोवेबाईंनी घड्याळाकडे पाहिलं नाही, हे मी त्यांच्या खात्यावर लिहून ठेवलंय. शेजारच्या गाडीवाल्याने पाना दिला. काझने बिजागरीचे बोल्ट सैल केले आणि रोमनला दाराखाली खांदा लावायला लावला. उचल म्हणाला. अजून. एवढं नाही रे, पोती वाहतोयस का. माझा रोमन, इस्त्रीचा शर्ट घातलेला, गुडघे टेकून दार तोलत राहिला. काझ बोल्ट आवळी, दार लावून पाही, मान हलवी, परत सैल करी. हिरवळीवरच्या गाड्या एकेक करून गेल्या. खुर्च्या मिटल्या. लिंबूसरबताचा ठेलाही आवरला.

मग एकदा त्याने दार ओढलं आणि ते लागलं. मोठा आवाज नाही, जाड पुस्तक मिटावं तसा. काझने मान तिरकी करून ऐकलं. माझ्याकडे न बघता त्याने हात बाजूला पसरला, तळवा वर. मी त्यावर मेणखडू ठेवला.

वर्तुळ वेडंवाकडं आलं, शेपूट जरा लांबली. हॉलोवेबाई म्हणाल्या, झालं, एवढं पुरे. रोमन तिथंच गवतावर बसला आणि त्याने तोंड बाहीत घातलं.

मी काझला सांगायला वळले की आता तुझं नाव लागणार. पण तो जागेवर नव्हता. दोन पावलं डावीकडे सरकून, मेणखडू बोटांत धरून उभा होता. डावीकडे हिरवळ रिकामी होती, नुसत्या चाकांनी दबलेल्या गवताच्या रेघा.

"काझ, झालं. चल घरी."

"थांब गं," तो म्हणाला. "पुढची येईल आता."

मी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले.