रिकाम्या बाटलीतली मेणबत्ती

हर्णे बंदरावर कमळाबाई चोगले लिलाव पुकारायला उभ्या राहिल्या की आधी पाटी पालथी करायला लावतात. वर चकचकीत पापलेट आणि तळाशी कालची मऊ पडलेली मासळी, हा प्रकार त्यांच्यापुढे चालत नाही. सगळा माल वाळूवर यायचा, चारी बाजूंनी दिसायचा, मगच पहिला आकडा त्यांच्या तोंडून निघायचा. तेवीस वर्षांत हा नियम त्यांनी सख्ख्या भावाच्या होडीसाठीही मोडलेला नाही.

गणपती झाल्यावर त्यांच्या उजव्या कानाला दडा बसला. दुसऱ्या कोणाचं यात फारसं अडलं नसतं. पण लिलावात बोली ओरडून लागत नाही. आकडा कोणी टाकला ते शेजाऱ्याला कळू नये म्हणून खेडचे, चिपळूणचे व्यापारी पुटपुटल्यासारखे बोलतात. पुकारणाऱ्याने तो आकडा उचलून मोठ्याने सांगायचा. ज्याचा कान कमी, त्याने ते काम करू नये, हे कमळाबाई स्वतःच दुसऱ्यांना सांगत आल्या होत्या.

त्यांची पुतणी दर्शना हिचं बंदराच्या चढावर ब्यूटी पार्लर आहे. मुंबईला दोन दिवसांचा कोर्स करून ती कानाची मेणबत्ती शिकून आली होती. ही मेणबत्ती मेणात बुडवलेल्या कापडाची, आतून पोकळ असते. बारीक टोक कानात, दुसरं टोक पेटवायचं. धुराच्या ओढीने मळ वर येतो, असं तिला शिकवलं होतं. भाताची कापणी सुरू झाली त्या आठवड्यात कमळाबाई तिच्याकडे जाऊन डाव्या कुशीवर आडव्या झाल्या. दर्शनाने मधोमध भोक पाडलेली कागदी ताटली कानावर धरली आणि मेणबत्ती लावली.

"ऊब लागते गो," कमळाबाई म्हणाल्या. थोड्या वेळाने त्यांनी मान झटकली. "काहीतरी चटका बसला."

"मळ सुटतोय काकी. हलू नको."

मेणबत्ती बोटभर उरली तेव्हा दर्शनाने ती विझवली आणि कात्रीने उभी चिरली. आत पिवळट तपकिरी थर होता, थोडी भुकटी, थोडं चिकट.

"बघ, किती साचलं होतं!"

कमळाबाईंनी तो तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळला आणि दुसऱ्या दिवशी बंदरावर सगळ्यांना दाखवला.

"एवढं तुझ्या डोक्यात होतं?" मासळी विकणारी सखू म्हणाली. "मग आकडे कुठं ठेवत होतीस?"

बायका हसल्या. त्यातल्या तिघी त्याच आठवड्यात दर्शनाकडे जाऊन आल्या. कमळाबाईंनाही हलकं वाटत होतं. कान मोकळा झाला असं त्या धरून चालल्या, आणि तिथेच चूक झाली.

तिसऱ्या संध्याकाळी सुरमईचा लिलाव होता. सखू त्यांच्या उजव्या हाताला, दोन पावलं मागे उभी होती. तिने आकडा टाकला. कमळाबाईंनी तो घेतलाच नाही. आधीचाच आकडा तीनदा पुकारून माल खेडच्या व्यापाऱ्याला दिला.

"अगो कमळे, मी काय वाऱ्याशी बोलले?"

"तू बोललीस कधी?"

"बोलली ती," सखूच्या शेजारचा व्यापारी म्हणाला. "मी ऐकलं."

तीनदा पुकारलेला सौदा फिरत नाही. खेडचा टेम्पो सुरमई घेऊन गेला. सखूच्या पाटीत त्या दिवशी नुसते बांगडे होते आणि दुसऱ्या दिवशी तिचं ठरलेलं गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं. ती भांडली नाही. भांडली असती तर बरं, असं कमळाबाईंनी नंतर घरी सांगितलं.

लिलाव संपताच होडीवाल्यांचे म्होरके आप्पा त्यांना बाजूला घेऊन म्हणाले, "कमळाबाय, आठ दिवस तुमच्या जागी बाळा पुकारील. कान बरा झाला तर या. नाय झाला तर..."  

दुसऱ्या दिवशी सकाळी कमळाबाई वर्तमानपत्राची ती पुडी घेऊन पार्लरमध्ये गेल्या. दर्शनाला वाटलं, काकी भांडायला आली.

"अजून एकदा करूया का? कधी कधी दोनदा लागते," ती म्हणाली.

"करूया. पण माझ्या कानात नको." कमळाबाईंनी खिडकीतली सरबताची रिकामी बाटली उचलून टेबलावर ठेवली. "हिच्या तोंडात लाव."

"बाटलीला कुठला मळ?"

"तेच बघायचंय."

दर्शना हसली, पण तिने मेणबत्ती लावली. त्याच खोक्यातली, तेवढ्याच लांबीची. बाटलीच्या तोंडाशी फट राहू नये म्हणून कमळाबाईंनी भोवती ओलं फडकं आवळलं. बोटभर उरल्यावर ती विझवली. कात्री मात्र त्यांनी स्वतः चालवली. मग पुडीतला तुकडा बाहेर काढला, दर्शनाला पाठ फिरवायला सांगितलं आणि दोन्ही तुकडे एका ताटलीत शेजारी ठेवले.

"वळ आता. यातला माझ्या कानातला कुठला?"

दर्शना वाकली. दोन्हींत तोच पिवळट तपकिरी थर, तीच भुकटी. तिने वास घेतला, नखाने खरवडलं. बराच वेळ गेल्यावर तिने डाव्या तुकड्यावर बोट ठेवलं.

"तो बाटलीतला," कमळाबाई म्हणाल्या.

दर्शना खुर्चीवर बसली. इथे ती पुष्कळ काही बोलू शकली असती. खोकं खराब निघालं, काकीने तुकडे बदलले, कोर्समध्ये असं सांगितलं नव्हतं.  त्याऐवजी तिने खोक्यातली आणखी एक मेणबत्ती काढली, पुन्हा बाटलीत लावली आणि ती संपेपर्यंत समोरून हलली नाही. थर तोच निघाला.

"मेणच आहे हे," ती म्हणाली. "जळताना आतल्या आत जमतं. कानातून काहीच येत नाय."

"मग माझ्या कानातलं गेलं कुठं?"

"कुठं जाणार? आतच असेल." ती उठली आणि पार्लरचं दार ओढून घेतलं. "चल काकी. दापोलीला जाऊ."

दापोलीला कानाच्या डॉक्टर वेदिका यांनी उजव्या कानात दिवा धरून पाहिलं आणि विचारलं, "कानात मेणबत्ती लावली होतीत का?"

"मी लावली," कमळाबाईंच्या आधी दर्शना बोलली.

"मळाचा बोळा आहे तसाच आहे. त्यावर मेणाचा थेंब पडून घट्ट बसलाय. पडद्यापर्यंत गेला नाही हे चांगलं झालं. मेणबत्तीला ओढ वगैरे काही नसते. भाजलेले कान मात्र मी पाहिलेत."

त्या दिवशी चटका कसला होता ते दोघींना कळलं. दर्शनाने खाली न बघता एकामागून एक प्रश्न विचारले. बाकी तीन बायकांना पाठवू का? औषधाचे थेंब कुठले, किती दिवस? घरी पिचकारीने पाणी मारलं तर चालेल? पडद्याला भोक असेल तर पाणी घातक, म्हणून आधी तपासायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं. पाच दिवस थेंब घालून परत बोलावलं.

त्याच संध्याकाळी दर्शना बंदरावर गेली. ती तिथे सहसा जात नाही. वासाने गिऱ्हाईक नाक मुरडतं म्हणते. बायका माल निवडत होत्या. तिने ती ताटली त्यांच्यापुढे धरली आणि दोन्ही तुकडे दाखवून सगळं सांगितलं. कानात मेणाचा थेंब पडला तेही सांगितलं. तिघींना म्हणाली, "डॉक्टरांकडे मी नेते. माझ्यामुळे झालं." एकीने तिला चांगलंच सुनावलं. तिने ऐकून घेतलं आणि त्या बाईचा दापोलीला जायचा दिवस ठरवूनच ती चढ चढली. पार्लरच्या काचेवरचं मेणबत्तीचं चित्र तिने रात्र पडायच्या आत खरवडून काढलं.

सहाव्या दिवशी डॉक्टरांनी कोमट पाण्याने कान धुतला. ताटलीत पडलेला बोळा काळपट, वाटाण्याएवढा होता. वरच्या बाजूला पिवळं मेण चिकटलेलं. पुडीतल्या भुकटीशी त्याचं काही साम्य नव्हतं. बाहेर पडल्यावर एसटीच्या हॉर्नला कमळाबाई दचकल्या आणि दोघी हसल्या.

आठव्या संध्याकाळी आप्पांनी त्यांना वाळूवर पाहिलं आणि बाळाला मागे बोलावलं. पण कमळाबाई पुढे झाल्या नाहीत.

"असं नको. पाटी पालथी झाल्याशिवाय मी बोलीला उभी राहत नाय. माझी पण करा."

"म्हणजे काय करू?"

"सखूला विचारा. तिचा माल गेलाय."

सखूने पदर खोचला आणि ती त्यांच्या उजव्या हाताला, दोन पावलं मागे जाऊन उभी राहिली. पापलेटची पाटी वाळूवर पालथी झाली. कमळाबाईंची नजर मासळीवर होती. किनाऱ्याला लागणाऱ्या होडीचं इंजिन धडधडत होतं, वर बर्फ फोडणाऱ्यांचा आवाज. चिपळूणच्या व्यापाऱ्याने आकडा टाकला, त्यांनी तो पुकारला. एकदा. दुसऱ्यांदा. सखूने ओठ जेमतेम हलवले. तिच्या शेजारच्या व्यापाऱ्यालाही काही ऐकू आलं नाही, असं तो नंतर शपथेवर सांगत होता.

कमळाबाईंनी मान न वळवता नवा आकडा पुकारला.

"सखूची बोली," त्या म्हणाल्या. "आणि गो, एवढ्या मोठ्याने नको बोलू. बहिरी नाय मी."