दगडफुलासाठी अबोला

माझी नणंद बुरशी वाढवते आणि मी शेवाळ. एकाच प्रयोगशाळेत, एकाच टेबलावर. दोघांना एका डिशमध्ये नांदवून त्यांचं दगडफूल करायचं, एवढंच आमचं काम. उघड्या दगडावर ही जोडी आपली आपण जमते. काचेत आणली की एकमेकांकडे पाठ फिरवते.

आमच्या भांडणाचं मूळ आंबटपणात होतं. तिच्या बुरशीला आंबट मानवतं, माझं शेवाळ आम्लता जरा वाढली की पिवळं पडतं. म्हणून मधला आकडा ठरवला, आणि तो दोघींनीही पाळला नाही. मी जेवायला गेले की ती आम्लाचे दोन थेंब सोडायची. ती हात धुवायला गेली की मी सोड्याचे. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. वर ती बुरशीला साखर चारायची आणि मी शेवाळाला खत. डिशच्या एका कडेला बुरशी माजली, दुसऱ्या कडेला शेवाळ, मधे मोकळं मैदान.

अशात संचालकबाईंनी सांगितलं, वर्षअखेरीला दगडफूल दिसलं नाही तर नणंदेची नेमणूक वाढणार नाही. माझी नोकरी पक्की होती. ते मला फार टोचलं, आणि टोचलं की मी चिडते. त्याच दुपारी मी तिला ड्रॉपरसकट पकडलं. तिने माझ्या एप्रनच्या खिशातून सोड्याची बाटली काढून दाखवली. झालं, अबोला.

घरी माझा नवरा, म्हणजे तिचा भाऊ, दोघींमधला पोस्टमन झाला. नोकरी तिची, तेव्हा डिश तीच बघत असेल, असं मी धरून चालले. तिला वाटलं, वहिनी कितीही रागावली तरी माझ्यासाठी बघेलच. असे महिने गेले. ना थेंब, ना साखर, ना पाणी.

वर्षअखेरीला बाईंसमोरच डिश ठेवलेल्या दिव्याच्या कपाटाचं दार उघडलं. डिश पार सुकलेली. बाईंनी भिंग लावलं, बराच वेळ पाहिलं आणि भिंग माझ्या हातात दिलं. उपाशी बुरशीने शेवाळाला धाग्यांनी कवटाळलं होतं आणि करडे-हिरवे खवले वर आले होते. लाड चालू होते तोवर दोघांना एकमेकांची गरजच नव्हती. थेंबभर पाणी घालून आम्लता मोजली, ती मधल्या आकड्याच्या आसपास निघाली.

बाईंनी नेमणूक वाढवली, पण हेच पुन्हा करून दाखवायच्या अटीवर. कृती काय, असं त्यांनी विचारलं तेव्हा नणंद म्हणाली, "बाई, परत भांडावं लागेल."

नव्या डिशा मांडून आम्ही इमानदारीत भांडायला बसलो. तिने माझ्या पसाऱ्यापासून सुरुवात केली. मी तिच्या घोरण्यावर आले आणि मधेच अडकले.

"वहिनी, तुम्ही मनापासून भांडत नाही आहात."

"कशी भांडू? तू गेलीस तर मी एकटी काय करणार, याच भीतीने सगळे महिने काढले मी."

तिने पदराआड नाही, सरळ एप्रनला नाक पुसलं आणि दोघींच्या नावे मोठ्या रजेचा अर्ज लिहायला घेतला. कारण लिहिलं, 'प्रयोग बिघडू नये म्हणून.' बाईंनी वाचून लगेच सही केली.