तसबिरीखाली टांगलेला हातमोजा

मित्रांनो, हातमोजा म्हटला की तुम्हाला थंडी आणि लोकर आठवेल. मी मात्र एक जुना, पोलादाचा हातमोजा आहे. बारीक बारीक कड्या एकमेकींत ओवून मला घडवले. मी फक्त डाव्या हाताचा. मला जोडीदार नाही.

जबलपूरच्या घमापुरात सलवार-सूट शिवणारा एक लहानसा कारखाना आहे. तिथल्या कटिंग मशीनचे उभे पाते इतके वेगाने चालते की हलताना दिसतही नाही. उजव्या हाताने मशीन पुढे ढकलायची आणि डाव्या हाताने कापडाची थप्पी दाबून धरायची. त्या डाव्या हातासाठी मी आलो. कटिंग मास्टर गुणवंतजी मला पाहून हसले होते. "काहून भैया, आता मला बांगड्या भरता का?" असे त्यांनी मालकांना विचारले. पण मला घातले. हळूहळू त्यांच्या तळहाताची ऊब माझ्या ओळखीची झाली. दुपारी डबा खाताना ते मला मांडीवर ठेवत. ते दिवस आठवले की अजूनही बरे वाटते.

एकदा दिवाळीच्या घाईत मशीन घसरली आणि पाते थेट त्यांच्या बोटावर आले. खर्रकन आवाज झाला. माझ्यावर नुसता ओरखडा उठला, बोट शाबूत राहिले. मालक रामकृष्णजींचे डोळे भरून आले. त्यांनी मला विश्वकर्म्याच्या तसबिरीखाली खिळ्याला टांगले, कुंकू लावले, झेंडूचा हार घातला. "आता याला कोणी हात लावायचा नाही," ते म्हणाले.

मला केवढा अभिमान वाटला! पण दुसऱ्याच दिवशी मास्टरजी उघड्या हाताने कापू लागले. दुसरा मोजा आणायचे कुणाच्या लक्षातच आले नाही. दर वर्षी माझी आरती होई. कड्यांत कुंकू साचत गेले. हाताची ऊब मात्र पुन्हा मिळाली नाही.

त्याच गल्लीतली ज्योती तिथे धागे कापायला बसत असे. तिला कटिंग शिकायची फार हौस. "अठरा पूर्ण झाल्याशिवाय पात्याजवळ यायचं नाही," असे मास्टरजींनी तिला बजावले होते. यंदा तिला अठरा पूर्ण झाली आणि ती मशीनसमोर उभी राहिली. तिने आधी पात्याकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"मास्टरजी, तो मोजा द्या ना."

"तो पूजेचा आहे, बेटा."

"मग माझी बोटं कोण सांभाळीन?"

मालकांनी कापडाच्या गठ्ठ्यांमागून मान वर केली. "पहिल्याच दिवशी नखरे? चलो, काम करो! नाहीतर घरी जा. पोरींची काही कमी नाही इथे."

 हे काम गेले असते, तर ज्योतीला पुन्हा कुठे शिकायला मिळणार होते? तरी तिने हात मागेच ठेवले. थरथरत्या आवाजात ती म्हणाली, "भैया, मी कामाला नकार देऊन नाही राहिली. उघड्या हातानं करायला नकार देऊन राहिली."

मास्टरजींनी आपल्या वाचलेल्या बोटाकडे पाहिले. मग स्टुलावर चढून त्यांनी मला खाली काढले. ज्योतीने मला आनंदाने हातात चढवले, पण मी पडलो मास्टरजींच्या मापाचा! तिच्या बोटांच्या टोकांवर मी लोंबू लागलो.

"चालते मास्टरजी, मी सांभाळून करीन."

"नाही चालत. सैल मोजा पात्यात अडकतो," म्हणत मास्टरजींनी मशीनचा प्लग काढला. "भैया, हिच्या मापाचा येईपर्यंत मशीन बंद."

"आणि सिहोरा गावच्या व्यापाऱ्याचा माल?" मालकांनी विचारले.

"फोन लावा. म्हणा, चार दिवस लागतील. माझं बोट वाचलं, म्हणून हिचं उघडं ठेवायचं काय?"

मालक पुटपुटले, तसबिरीकडे पाहिले, पुन्हा पुटपुटले आणि अखेर त्यांनी फोन लावला.

तिसऱ्या दिवशी लहान, चकचकीत मोजा आला. तो ज्योतीच्या हातावर अगदी घट्ट बसला. तिने पहिली थप्पी कापली, तेव्हा तिच्या शेजारी उभ्या मास्टरजींच्या हातात मी होतो. त्यांनी मला साबणाने घासून धुतले होते. त्यांचा हात आता थोडा वाळला आहे, पण ऊब तीच आहे.

मित्रांनो, उद्या तुम्हीही कुठेतरी कामाला लागाल. तिथे हात, डोळे, कान सांभाळणारी वस्तू आधी मागा आणि ती आपल्या मापाची मागा. ते नखरे नव्हेत, तो तुमचा हक्क आहे. मागताना आवाज थरथरला तरी हरकत नाही. ज्योतीचाही थरथरला होता.