मण्यार की कवड्या

हुडकेश्वरच्या त्या नव्या लेआउटमध्ये रोशनी मेश्रामला सगळे ‘सापवाली मॅडम’ म्हणत, आणि त्यात कौतुकाचा लवलेश नव्हता. ती ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची, एकटी राहायची आणि वेळ मिळाला की गळ्यात कॅमेरा अडकवून मागच्या रिकाम्या प्लॉटांवर फिरायची. तिथे गाजरगवत माजलं होतं, कुणीतरी टाकून दिलेल्या विटा होत्या, पावसाचं पाणी साचलेलं होतं. त्या पाण्यात तिला बेडकाच्या मागे लागलेली दिवड दिसायची, विटांवर ऊन खात पडलेली नानेटी दिसायची. साप धरायचा नाही, डिवचायचा नाही, लांबून बघायचा आणि ओळखायचा, एवढंच तिचं वेड. पण लेआउटचं म्हणणं असं, की या बाईमुळेच प्लॉट साफ होत नाहीत आणि साप घरात शिरतात.

हे म्हणण्यात सगळ्यात पुढे असायचा तिचा भिंतीला भिंत लागून असलेला शेजारी, दुर्गेश ठवकर. विमा एजंट. बोलण्यात कुणाला हार न जाणारा. जुलैत त्याने अंगणात निघालेला एक साप विषारी मण्यार म्हणून ठेचला. रोशनीने बघितलं, तो साधा कवड्या होता, विष नसलेला. तिने तसं चारचौघांत सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच मेलेला साप तिच्या गेटवर लटकवलेला होता. रोशनीही गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. तिने वनविभागात तक्रार केली. गार्ड आला आणि दुर्गेशला सगळ्या लेआउटसमोर ताकीद देऊन गेला. त्या दिवसापासून दोन घरांमधलं बोलणं तुटलं. तिच्या दारात कचरा पडायला लागला, आणि तिनेही त्याच्याकडे बघून थुंकल्यासारखं तोंड फिरवायची सवय लावून घेतली.

पोळा होऊन गेल्यावरची एक सकाळ. रोशनी चहा घेत होती, तेवढ्यात लेआउटच्या ग्रुपवर दुर्गेशचा फोटो आला. उरलेल्या टाइल्सच्या चळतीखाली त्याला साप सापडला होता आणि त्याने तो शेपटीला धरून उचलला होता. खाली लिहिलं होतं, ‘मॅडम, तुमचा कवड्या. मारला नाही. आता देऊन टाका आम्हाले सर्टिफिकेट.’ त्याखाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली होती.

तिने फोटो मोठा करून पाहिला. अंग काळंभोर, चकचकीत. मानेवर एकही पट्टा नाही. पांढऱ्या बारीक रेघा बऱ्याच मागून सुरू होणाऱ्या, जोडीजोडीने, शेपटीकडे दाट होत गेलेल्या. पाठीच्या कण्यावर मोठ्या षटकोनी खवल्यांची ओळ. शंकेला जागाच नव्हती. मण्यार होती.

रोशनीने फोन पालथा ठेवला आणि चहाचा घोट घेतला. लटकवू दे गळ्यात, असं तिच्या मनात आलं. स्पष्ट आलं, आणि ते आल्याचं तिला वाईटही वाटलं नाही. मग कप तसाच ठेवून ती अनवाणी धावली.

दुर्गेशच्या अंगणात चार-पाच माणसं मोबाईल धरून उभी होती. दिवसा मण्यार सुस्त असते, तशीच ती त्याच्या हातात लोंबत होती, आणि त्या सुस्तपणामुळेच त्याला जोर चढला होता. रोशनी गेटपाशीच थांबली. आवाज न चढवता म्हणाली, “दुर्गेशभाऊ, ठेवा तिले खाली. हळूच. मण्यार आहे ही.”

“मी मारला तर कवड्या, अन् मी धरला तर मण्यार,” दुर्गेश लोकांकडे बघत म्हणाला. “काहून घाबरवून राहिल्या? माह्या हातून सोडवून घ्यायचा आहे नं तुम्हाले?”

माणसं हसली. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे विरत जातात, हिचे उलटे आहेत, असं ती सांगायला लागली. पण ते ऐकायला तिथे कुणी उभं नव्हतं. दुर्गेशने कॅमेऱ्यासाठी दुसरा हात सापाच्या अंगाखाली घातला. मण्यारीने डोकं वळवलं, त्याच्या बोटाला क्षणभर तोंड लावलं, आणि त्याने हात झटकला. ती फरशीवर पडली, डोकं अंगाखाली लपवून वेटोळं करून बसली. कुणीतरी काठी आणून तिला तिथेच मारलं.

दुर्गेशने बोट वर करून सगळ्यांना दाखवलं. रक्त नाही, सूज नाही. मुंगी चावावी तेवढंही दुखत नाही, असं तो म्हणाला आणि आंघोळीला आत निघाला. रोशनी मागे गेली. दुखत नाही हीच भीती आहे, मण्यारीचा दंश असाच असतो, तास-दोन तासांनी श्वास बंद पडतो, आत्ताच्या आत्ता मेडिकलला, सरकारी दवाखान्यात निघा, असं ती सांगत राहिली. त्याने तिच्या तोंडावर ग्रिल ओढून घेतली.

तेवढ्यात त्याची बायको कामिनी स्वयंपाकघराच्या बाजूने बाहेर आली. जुलैपासून तीही रोशनीशी बोलली नव्हती. तुमच्या तक्रारीमुळे ह्यांना लोकांत मान खाली घालावी लागली, आता तरी घर सोडा आमचं, असं ती धारदार आवाजात म्हणाली. रोशनीने वाद घातला नाही. पडलेल्या काठीच्या टोकाने तिने मेलेला साप सरळ केला.

“माझ्यावर विश्वास नको ठेवू वं,” ती म्हणाली. “तू स्वतः बघ. ही पाठीवरची मोठ्या खवल्यांची ओळ. कवड्याले हे नसते. बघ, अन् मग ठरव.”

कामिनी वाकली. बराच वेळ बघत राहिली. मग आत गेली, आणि आतून भांडणाचे आवाज यायला लागले. शेवटी दुर्गेश ओल्या केसांनी, शिव्या देत बाहेर आला. रोशनीने गाडी काढली होती, पण तिच्या गाडीत बसणार नाही म्हणून तो अडून बसला. शेवटी समोरच्या वसंतकाकांच्या गाडीत त्याला बसवलं. रोशनीने सापाचा फोटो कामिनीच्या मोबाईलवर पाठवला आणि डॉक्टरांना आधी हा दाखव, म्हणून बजावलं.

मेडिकलच्या दारात पोचेपर्यंत त्याच्या पापण्या जड झाल्या होत्या आणि जीभ अडखळत होती. इंजेक्शनं सुरू झाली, तरी दुपारी त्याला व्हेंटिलेटरवर घ्यावं लागलं. हे सगळं रोशनीला वसंतकाकांकडून कळलं. कामिनीने फोन केला नाही, आणि रोशनीनेही विचारपूस केली नाही. फक्त तो फोन पालथा ठेवल्याचा क्षण तिला पुन्हापुन्हा आठवत राहिला, आणि आठवला की ती उठून उगाच भांडी घासायची.

दुर्गेश दवाखान्यात असतानाच लेआउटमध्ये बोलणं फिरलं. मण्यार तिनेच आणून सोडली, नाहीतर बघताक्षणी नाव कसं सांगितलं, असं लोक म्हणायला लागले. एका सकाळी तिच्या गाडीची काच फुटलेली होती. मग मीटिंग झाली. कॅमेरा घेऊन फिरणं बंद करा, नाहीतर दुसरीकडे घर बघा, असं तिला सांगण्यात आलं. अंगणात तेव्हा मोबाईल धरून हसणारेच आता पुढे बसले होते. रोशनीने सगळं ऐकून घेतलं आणि उठताना एवढंच म्हणाली, “घर माझं आहे. मी कुठेच जाणार नाही. ज्याले जायचं, त्याने जावं.”

दुर्गेश परत आला तेव्हा निम्मा झाला होता. आवाज घोगरा, चालताना भिंतीचा आधार. आभाराचा शब्द त्याच्या घरातून आला नाही. उलट आल्या आल्या त्याने प्लॉटमालकाच्या मागे लागून जेसीबी बोलावला.

जेसीबीने गाजरगवत खरवडायला सुरुवात केली तेव्हा अर्धा लेआउट काठ्या घेऊन उभा होता, दुर्गेश तेवढा खुर्चीवर बसला होता. रोशनीही तिच्या भिंतीपाशी उभी होती. फोटो काढत, आणि मनातल्या मनात सगळ्यांचा उद्धार करत. विटांचा ढीग उलथला आणि त्यातून एक लांबलचक, पिवळट तपकिरी साप निघाला, सरळ माणसांच्या दिशेने. लोक ओरडत मागे सरले, काठ्या वर झाल्या.

“थांबा,” दुर्गेश त्याच्या घोगऱ्या आवाजात म्हणाला.

तो खुर्चीवरून उठला आणि भिंतीजवळ आला. रोशनीला वाटलं, आता हा पुन्हा काहीतरी ऐकवणार. तिने दात आवळले.

“माझ्याशी बोलू नका,” तो तिच्याकडे न बघता म्हणाला. “फक्त नाव सांगा.”

तिच्या तोंडाशी बरंच काही आलं होतं. ते तिने गिळलं.

“धामण. विष नाही.”

दुर्गेशने हात वर करून माणसांना मागे सारलं. एकाने कुरकुर केली, तर त्याने त्याच्या हातातली काठी ओढून घेतली. धामण रस्ता ओलांडून नाल्याच्या झुडपांत शिरली. तो वळला, घरात गेला आणि ग्रिल आपटून लावून घेतली. रोशनी तिथेच उभी राहिली. जेसीबीचं काम अजून निम्मंही झालं नव्हतं, आणि माणसं आता काठ्या टेकवून तिच्याकडेच बघत होती.