ताशलीओवाचा गोलकीपर

सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरच्या हंगामात आमचा चाकिलदेरेचा फुटबॉल संघ पहिले सात सामने ओळीनं हरला, आणि आमच्या घरातलं हसणं बंद झालं. बाबा संघाचे कपडे-बूट सांभाळायचे. रविवारी ते चिखलाचे बूट पोत्यात भरून आणायचे. पोतं जमिनीवर कसं आपटलं यावरूनच शुक्रान आत्या ओळखायची, आज सूप गरम करायचं की नुसतं झाकून ठेवायचं. आई गेल्यापासून घर तीच बघत होती.

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते. शेजारच्या ताशलीओवा गावची लाइन जोडताना पलीकडे तिथला ऑपरेटर सेलामी असायचा. दोन वर्षं आम्ही एकमेकांना फक्त नंबर सांगितले. मग एकदा तो म्हणाला, "आज सर्दी झालीय का तुम्हाला?" आणि तिथून पुढे नंबर सांगायला जरा वेळ लागायला लागला. रविवारी तो ताशलीओवाच्या गोलमध्ये उभा राहतो हे मला फार उशिरा कळलं.

त्याच्याशी लग्न करायचंय असं मी घरी सांगितलं. "गोलकीपर?" बाबा म्हणाले. "आणि तोही त्यांचा? जगात पोस्टमन, शिक्षक, कोळी सगळे मेले का?"

"अरे रिफ्की, मुलगा चांगला आहे ना? मग कुठे का उभा राहीना," आत्या म्हणाली.

महिनाभर धुसफुसून बाबा तयार झाले. मे महिन्यातल्या एका शुक्रवारी सेलामीचे मामा मागणी घालायला येणार असं ठरलं. हंगामाचा शेवटचा सामना त्याच्या आदल्या रविवारी, आमच्याच मैदानावर, ताशलीओवाशीच आहे, हे ठरवताना कुणाच्या ध्यानात आलं नाही. तोवर आम्ही तळाला पोचलो होतो. जिंकलो तरच तिसऱ्या लीगमध्ये राहणार होतो. ताशलीओवाला मात्र त्या सामन्यातून काही मिळवायचं नव्हतं, काही गमवायचंही नव्हतं.

अशा वेळी आमच्याकडे शेजारधर्म म्हणून सामना सोडतात. कुणी तसं बोलत नाही, पण सगळ्यांना ठाऊक असतं. चहाच्या दुकानात लोक बाबांना उस्ता, म्हणजे उस्ताद, म्हणत पाठीवर थापा मारायला लागले. "उस्ता, जावई आपलाच आहे की!"

बाबा घरी येऊन मला म्हणाले, "त्याला सांग, एकसुद्धा बॉल सोडलास तर या घरात पाऊल टाकू नकोस. आयुष्यभर या संघाचे बूट घासलेत मी. मला भीक नको."

मी लाइनवर तसंच सांगितलं. सेलामी म्हणाला, "दोनशे चौदा नंबर जोडा."

आमचं घर उतारावर होतं. गच्चीवरून मैदानाची भिंत आडवी यायची आणि फक्त समुद्राकडचा गोल दिसायचा, बरोबर आमच्याकडे तोंड करून. पूर्वार्धात तिथे आमचा गोलकीपर होता. त्याला एक गोल बसला. उत्तरार्धात सेलामी तिथे आला. आत्याला बघवेना, ती शेजारणीकडे जाऊन जपमाळ ओढत बसली. मी एकटीच वर. वाळत घातलेली चादर काढायची, घडी करायची, पुन्हा दोरीवर टाकायची, असं किती वेळा केलं कोण जाणे. आम्ही एक गोल फेडला. त्यानंतर सेलामीनं तीन बॉल अडवले. तो अडवत होता म्हणून अभिमान वाटायचा, आणि अडवत होता म्हणूनच रडू यायचं. आम्ही खाली गेलो असतो तर बाबा त्याच्याकडे बघू शकले असते का? आणि वर राहिलो तर?

शेवटची पाच-सात मिनिटं उरली असतील, माझ्यानं बघवेना. मी खाली स्वयंपाकघरात गेले, नळ पूर्ण सोडला, आणि कानांवर हात ठेवून कट्ट्याशी बसले. तरीही ती आरोळी ऐकू आली. तव्यावरचं झाकणसुद्धा थरथरलं.

आम्ही दोन-एकनं जिंकलो. ढोल आला, गाड्यांचे भोंगे वाजले, बाबांना लोकांनी खांद्यावर घेतलं. घरी आले तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. "पोतं कुठाय? आज बूट मी एकटा घासणार!"

सोमवारी ते दाढी करायला गेले आणि अर्धी दाढी तशीच ठेवून परत आले. न्हावी सगळ्यांसमोर म्हणाला होता, "तान्ह्या पोरानं अडवला असता असा बॉल, उस्ता. सरपटत आला आणि त्याच्या पोटाखालून गेला. मुलगी देऊन संघ वाचवलात. मुलीचं देज असावं तर असं!"

"सोडला असेल तर मुलगी देणार नाही," बाबा म्हणाले. "शुक्रवारी मी तोंडावर विचारणार."

ते चार दिवस मी एक्स्चेंजमध्ये निम्म्या लाइनी चुकीच्या जोडल्या. सेलामीला विचारलं तर तो म्हणाला, "घरी येऊन बोलतो." त्याच्या आवाजावरून सर्दी ओळखता आली असती, याहून जास्त काही नाही.

शुक्रवारी ते आले. सेलामीचे मामा, त्याची आई आणि तो. दारात बूट काढले, चॉकलेटचा डबा आत्याच्या हातात दिला. मी कॉफी केली. मागणी घालायला आलेल्या मुलाच्या कपात मीठ घालायची आमच्याकडे रीत आहे. तोंड वाकडं न करता प्यायला तर नवरा सोशीक निघतो म्हणतात. घालता घालता एकाचे तीन चमचे पडले. सेलामीनं शेवटच्या घोटापर्यंत कप रिकामा केला. पापणीही हलली नाही. "हाताला चव आहे," म्हणाला. आत्या डोक्यावरच्या रुमालाआड हसली. मला मात्र भीतीच वाटली. ज्याच्या तोंडावर एवढं मीठ उमटत नाही, त्याच्या तोंडावरून मी काय ओळखणार?

मामा घसा खाकरून म्हणाले, "अल्लाच्या आज्ञेनं आणि पैगंबरांच्या वचनानं तुमच्या नेझाकेतला आमच्या सेलामीसाठी..."

"थांबा," बाबा म्हणाले. "पोरा, तो बॉल सुटला की सोडलास?"

सेलामीची आई पांढरी पडली. सेलामी मान खाली घालून म्हणाला, "सोडला नाही, उस्ता. माझी नजर गेली. बॉल येत होता आणि मी वर बघितलं. गच्चीवर नेझाकेत उभी होती."

"सामना चालू असताना?" बाबा ओरडले. "सत्त्याऐंशीव्या मिनिटाला? गोलकीपर आहेस की गुराखी?"

"रिफ्की, तुझ्याच पोरीकडे बघत होता ना? शेजारणीकडे तर नाही!" आत्या म्हणाली, आणि मामा इतके हसले की खोकला आला.

बाबा हसले नाहीत. ते माझ्याकडे वळले. "तू होतीस वर? त्या वेळी?"

रिकाम्या कपांचा ट्रे माझ्या हातात होता. माझे बाबा कधी खोटं बोलले नव्हते, आणि मीही त्यांच्याशी कधी खोटं बोलले नव्हते. सेलामीकडे मी बघितलं नाही. बघितलं असतं तर बाबांना कळलं असतं.

"होते," मी म्हणाले. "चादर काढत होते."

बाबांनी आळीपाळीनं माझ्याकडे आणि सेलामीकडे बघितलं. मग गुडघ्यावर हात आपटला. "दिली. पण पुढच्या हंगामात आमच्याविरुद्ध खेळशील तेव्हा हिला गच्चीला कुलूप लावायला सांगेन."

अंगठ्या घातल्या, त्यांना जोडणारी लाल फीत कापली, चॉकलेट वाटलं. निघताना मी दारात पाहुण्यांना बूट चढवायची पट्टी देत उभी होते. मामा आणि त्याची आई बाहेर गेले. सेलामी वाकला आणि अगदी हळू म्हणाला, "खरंच होतीस वर?"

"तुला दिसले ना?" मी म्हणाले.

तो बुटाची नाडी बांधायला लागला. नाडी दोनदा सुटली, आणि बाहेरून मामांनी हाक मारली तरी तो तसाच बसून राहिला.